ॲक्शन आरपीजी की पारंपरिक आरपीजी: पहिला मोठा गेम घेण्याआधी फरक कसा ओळखायचा

स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाचा समर सेल साधारण जूनच्या अखेरीस लागतो. गोव्यात तेव्हा पावसानं ठाण मांडलेलं असतं, मैदानं चिखलात गेलेली असतात आणि पेडण्यापासून काणकोणापर्यंत बरेच जण आपला पहिला मोठा गेम शोधायला बसतात. दुकानात 'आरपीजी' (रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एखादं पात्र घेऊन ते वाढवत खेळायचा गेम) हा शिक्का 'एल्डन रिंग'वर दिसतो, 'बाल्डर्स गेट ३'वर दिसतो, 'डायब्लो'वर आणि 'ड्रॅगन क्वेस्ट'वरही दिसतो. चारही गेम उत्तम आहेत, पण एक आवडला म्हणून दुसरा आवडेलच असं नाही. 'विचर ३' आवडला म्हणून कुणी 'बाल्डर्स गेट ३' घेतो. पहिल्याच लढाईत त्याचं पात्र हाताच्या अंतरावरच्या शत्रूवर तलवार उगारतं आणि घाव हुकतो. गेम बिघडलाय असं वाटून तो बंद करतो. दुसरा कुणी पोकेमॉनवर वाढलेला असतो. तो 'एल्डन रिंग' घेतो, लेव्हल वाढवत राहतो आणि तरी त्याच बॉसकडून, म्हणजे बलाढ्य मुख्य शत्रूकडून, मरत राहतो. दोघांचेही पैसे आणि सुट्टी वाया जाते.

हे टाळता येतं. खालचा क्रम पाळला तर एका संध्याकाळीत तुमचा कल कळेल आणि घेतलेला गेम नीट सुरूही करता येईल.

हाताशी काय हवं

- चाचणीसाठी साधा अँड्रॉइड फोन आणि घरचा जुना लॅपटॉप. ग्राफिक्स कार्ड नसलं तरी चालतं.
- ॲक्शन आरपीजीसाठी कंट्रोलर, आणि त्याची केबल. पारंपरिक आरपीजीला माउस पुरतो. डायब्लोच्या घराण्यातले गेमही माउसवर छान चालतात.
- एसएसडीवर मोकळी जागा. 'बाल्डर्स गेट ३'ला १५० जीबी लागतात, 'एल्डन रिंग'ला ६०.
- डेस्कटॉप असेल तर यूपीएस. किती क्षमतेचा, ते पायरी ५ मध्ये.
- स्टीमचं खातं स्वतःच्या ईमेलवर, स्टीम गार्ड (लॉगिनला जादा कोड मागणारी सुरक्षा) चालू केलेलं. पैसे यूपीआयनं भरता येतात. मूल अल्पवयीन असेल तर खातं पालकांच्या ईमेलवर उघडा आणि गेमवरचं वयाचं बंधन बघा. यातले बरेच गेम प्रौढांसाठी आहेत.

१. घाव लागला की हुकला, हे कोण ठरवतं ते बघा

अनुभवगुण, लेव्हल, चिलखतं, लूट, गावकऱ्यांनी दिलेली कामं, लांबलचक कथा हे सगळं दोन्हीकडे असतं. त्यावरून फरक कळणार नाही. फरक कळतो तो घाव घालण्याच्या क्षणी.

पारंपरिक आरपीजीची मुळं १९७४ साली आलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलावरच्या खेळात आहेत. तिथे वीस बाजूंचा फासा टाकतात, त्यात पात्राचा गुण मिळवतात आणि बेरीज शत्रूच्या बचावाच्या आकड्याइतकी किंवा जास्त आली तर घाव लागतो. 'बाल्डर्स गेट ३' आजही हेच करतो. समजा तुमचा गुण +५ आणि शत्रूचा बचाव १५ आहे. मग फाशावर १० किंवा जास्त हवेत. वीसपैकी अकरा बाजू तुमच्या, म्हणजे ५५ टक्के. कर्सर शत्रूवर नेला की हाच आकडा पडद्यावर दिसतो. माउस हळू दाबा की जोरात, त्यात फरक पडत नाही.

तुमचं काम त्याच्या आधीचं आहे: तो आकडा वाढवणं. उंचावरून बाण मारलात तर +२ मिळतात आणि ५५ चे ६५ होतात. शत्रू आडवा पडला असताना जवळून वार केलात तर दोन फासे पडतात आणि मोठा धरला जातो. ५५ चे जवळजवळ ८० होतात. पारंपरिक आरपीजीतलं कौशल्य ते हेच. त्याला कमी लेखू नका, ते शिकायलाही महिने जातात.

ॲक्शन आरपीजीत तलवारीचं पातं शत्रूच्या अंगातून गेलं की घाव लागला, नाही गेलं की हुकला. फासा मध्ये येत नाही. शत्रूचा वार तुमच्यावर येतो तेव्हाही तसंच. रोल करताना, म्हणजे वार चुकवायला कोलांटी घेताना, काही क्षण तुमच्या पात्राला काहीच लागत नाही; वार त्या क्षणात आला तर तुम्ही वाचलात. आकडे उरतात ते घाव किती खोल जातो हे ठरवायला. म्हणूनच 'एल्डन रिंग' लेव्हल १ वरच संपवणारे खेळाडू आहेत. 'ड्रॅगन क्वेस्ट'च्या पहिल्या भागात लेव्हल १ चं पात्र घेऊन शेवटचा शत्रू ड्रॅगनलॉर्ड याच्यासमोर उभं राहिलात, तर हात कितीही चपळ असला तरी उपयोग नाही, कारण तिथे हाताला कुणी विचारतच नाही.

फातोर्ड्याच्या मैदानावर कडेला उभा असलेला प्रशिक्षक आणि चेंडू पायाशी असलेला खेळाडू, दोघेही तोच सामना जिंकायचा प्रयत्न करत असतात. पारंपरिक आरपीजी तुम्हाला कडेला उभं करतो, ॲक्शन आरपीजी मैदानात उतरवतो. तुम्हाला कुठे उभं राहायला आवडतं, एवढंच ठरवायचं आहे.

गेम विकत न घेता हे ओळखायचं असेल तर त्याच्या लढाईचा पाचेक मिनिटांचा, निवेदन नसलेला व्हिडिओ लावा आणि पडद्यावर या खुणा शोधा:

- कडेला किंवा वर चेहऱ्यांची रांग: पाळीचा क्रम आहे, गेम पारंपरिक.
- हल्ला, जादू, वस्तू, पळ काढा अशी यादी: पारंपरिक, बहुधा जपानी परंपरेतला.
- शत्रूजवळ टक्केवारी: फासा आहे.
- धावताना, रोल करताना रिकामी होणारी पट्टी: ही स्टॅमिना (दम), म्हणून गेम ॲक्शन.
- खाली चिन्हांची ओळ आणि त्यांवर घड्याळासारखी फिरणारी सावली: कूलडाऊन, म्हणजे तीच शक्ती पुन्हा वापरायच्या आधी थांबायचा वेळ. डायब्लोच्या घराण्यातला किंवा ऑनलाइन आरपीजी.

२. तुम्ही विचार करत असताना शत्रू थांबतो का, ते बघा

पूर्ण टर्नवर चालणाऱ्या गेममध्ये तुमची पाळी आली की जग थांबतं. उठून चहा करून आलात तरी शत्रू तिथेच उभा असतो. इंग्रजी सावकाश वाचणाऱ्याला याचा मोठा फायदा आहे. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलाला जादूचं वर्णन दोनदा वाचायचं असतं, एखादा शब्द शोधायचा असतो. पारंपरिक गेम तेवढा वेळ देतो. ॲक्शन गेममध्ये शिकवणीची पाटी बऱ्याचदा लढाई चालू असतानाच येते आणि वाचून व्हायच्या आत निघून जाते.

या दोहोंच्या मध्ये दोन जाती आहेत. त्यांनीच सर्वात जास्त गोंधळ होतो.

पहिली, पट्टी भरण्याची पद्धत. १९९१ च्या 'फायनल फँटसी ४'पासून ती रूढ झाली. प्रत्येक पात्राची पट्टी हळूहळू भरते, भरली की त्याची पाळी. यादी समोर आहे म्हणून गेम शांत वाटतो, पण तुम्ही जादू शोधत असताना शत्रूची पट्टीही भरत असते. या मालिकेच्या बऱ्याच भागांत सेटिंगमध्ये 'ॲक्टिव्ह' आणि 'वेट' असे दोन पर्याय असतात. नवख्यानं 'वेट' घ्यावा. जादूची किंवा वस्तूंची यादी उघडली की वेळ थांबतो.

दुसरी, चालू वेळ पण हवा तेव्हा पॉज. १९९८ चा पहिला 'बाल्डर्स गेट' असा आहे. पडद्यावर सगळे एकदम धावतात, त्यामुळे व्हिडिओ बघणाऱ्याला तो ॲक्शन वाटतो. आत मात्र सहा सेकंदांच्या फेऱ्या आणि फासेच चालतात. स्पेसबार दाबून पॉज करायचं, सहाही जणांना हुकूम द्यायचे, पुन्हा चालू करायचं. जो पॉज करत नाही तो पहिल्या काही तासांतच अडकतो. सेटिंगमध्ये ऑटो-पॉज आहे. 'शत्रू दिसला' आणि 'पात्र जखमी' हे दोन तरी चालू ठेवा. २०२१ च्या 'पाथफाइंडर: रॅथ ऑफ द रायचस'मध्ये चालू वेळ आणि टर्न यांत खेळता खेळता अदलाबदल करता येते.

३. नाव, वर्ष आणि चित्र बघून ठरवू नका

पारंपरिक म्हणजे जुना आणि ॲक्शन म्हणजे नवा, हा समज काढून टाका. जपानमध्ये 'ड्रॅगन स्लेयर' आणि 'हायडलाइड' हे ॲक्शन आरपीजी १९८४ मध्येच आले होते, म्हणजे यादीतून हुकूम द्यायची पद्धत घरोघरी नेणाऱ्या १९८६ च्या 'ड्रॅगन क्वेस्ट'च्याही दोन वर्षं आधी. १९८७ च्या 'ईस'मध्ये तर हल्ल्याचं बटणच नव्हतं: शत्रूला थोडं बाजूनं धडकायचं, समोरासमोर धडकलात तर तुम्हालाच जास्त लागायचं. उलट फाशांवर चालणारा 'बाल्डर्स गेट ३' २०२३ चा आहे.

चित्रही फसवतं. २००२ चा 'मॉरोविंड' पात्राच्या डोळ्यांतून दिसणारा, तलवार तुमच्या हातात, बटण दाबलं की फिरते. पण आत फासा आहे. शस्त्राचं कौशल्य कमी आणि थकव्याची पट्टी रिकामी असेल तर पातं शत्रूच्या अंगातून जाऊनही घाव हुकतो. हा गेम सुरू करणाऱ्याची ठरलेली तक्रार हीच असते. उपाय सोपा: पात्र बनवताना ज्या शस्त्राचं कौशल्य मुख्य म्हणून घेतलं तेच शस्त्र वापरा आणि धावत येऊन लगेच भिडू नका, आधी थकव्याची पट्टी भरू द्या. याच मालिकेतल्या २००६ च्या 'ऑब्लिव्हियन'पासून लागलेला घाव लागलेलाच धरला जातो.

'डायब्लो'चं उदाहरण याहून बोलकं. १९९६-९७ च्या सांध्यावर आलेला हा गेम मुळात टर्नवर चालणारा म्हणून बनत होता. बनवता बनवता तो चालू वेळेचा झाला. ते मूळ आजही दिसतं. 'डायब्लो २'मध्ये घाव लागण्याची शक्यता तुमचा हल्ल्याचा आकडा आणि शत्रूचा बचाव यांवरून निघते, आणि ती ५ टक्क्यांच्या खाली किंवा ९५ च्या वर जात नाही. उभं कुठे राहायचं आणि कधी पळायचं ते हात ठरवतो, लागलं की नाही ते आकडा. म्हणून ॲक्शन आरपीजीत दोन वेगळी घराणी आहेत असं समजा: 'एल्डन रिंग'सारखं हाताचं आणि 'डायब्लो', 'पाथ ऑफ एक्झाइल'सारखं लुटीचं आणि गणिताचं. एकाची सवय दुसऱ्यात फारशी कामी येत नाही.

उलट दिशेचंही मिश्रण आहे. २०२५ चा 'क्लेर ऑब्स्क्युर: एक्सपिडिशन ३३' टर्नवर चालतो, पण शत्रूच्या पाळीत तुम्ही वेळेवर बटण दाबून वार चुकवू किंवा परतवू शकता. ज्याला बटणांची घाई अजिबात नको, त्यानं टर्नचा गेम म्हणून तो डोळे मिटून घेऊ नये.

आणि पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' (२०२०)? आपल्याकडचा म्हणून बरेच जण त्यापासून सुरुवात करतात आणि ती चांगली सुरुवात आहे. मात्र तो आरपीजी नव्हे, ॲक्शन-ॲडव्हेंचर आहे. शस्त्रं आणि त्यांच्या शक्ती वाढतात, पण अनुभवगुण जमवून पात्राची लेव्हल वाढवणं, आपल्या मनासारखं पात्र घडवणं यात नाही. 'राजी' आवडला तर तुमचा हात ॲक्शनकडे वळतो एवढा निष्कर्ष काढा.

४. आधी फुकटात दोन्ही खेळून बघा

फोनवर 'शॅटर्ड पिक्सेल डंजन' घ्या. मोफत आहे, जाहिराती नाहीत, नेट नसतानाही चालतो. तुम्ही एक पाऊल टाकलं की शत्रू एक पाऊल टाकतो. तुम्ही थांबलात की सगळं थांबतं. पारंपरिक विचार कसा असतो हे यात अर्ध्या तासात कळतं. मरण कायमचं आहे आणि पहिल्या खेपांना लवकरच येतं, त्यानं खट्टू होऊ नका. बघायचं ते एवढंच: मेल्यावर 'मी दार अडवून उभं राहायला हवं होतं' असा विचार मनात येतो का?

लॅपटॉपवर 'फ्लेअर' टाका. तोही मोफत, मुक्त स्रोत, जुन्या यंत्रावर चालणारा, डायब्लोच्या वळणाचा. लॅपटॉप बरा आणि नेट चांगलं असेल तर 'पाथ ऑफ एक्झाइल' मोफत आहे, पण पहिल्याच दिवशी त्याच्या कौशल्यांच्या प्रचंड झाडात शिरू नका. झोडपून लूट गोळा करण्यात मजा येते का तेवढंच बघा.

एकाच संध्याकाळी दोन्ही खेळा. वेगवेगळ्या दिवशी खेळलात तर तुलना मनःस्थितीची होते, गेमची होत नाही.

५. वीज, नेट आणि दमट हवा यांची सोय करा

गोव्यात पावसाळ्यात वीज जाते-येते हे धरूनच गेम निवडावा. पारंपरिक गेममध्ये फारतर शेवटच्या सेव्हपासून पुढचं जातं. 'बाल्डर्स गेट ३'मध्ये एफ५ नं चटकन सेव्ह होतं आणि एफ८ नं परत येतं. प्रत्येक लढाईआधी आणि महत्त्वाच्या संभाषणाआधी एफ५ दाबायची सवय लावा. ज्या गेमला सतत सर्व्हर लागतो तिथे गोष्ट वेगळी. 'डायब्लो ४' आणि 'पाथ ऑफ एक्झाइल' एकट्यानं खेळतानाही ऑनलाइनच चालतात. राउटर बंद पडला की तुमचं पात्र शत्रूंच्या गराड्यात काही क्षण तसंच उभं राहतं. म्हणून जून ते सप्टेंबर 'हार्डकोअर' पात्र, जे एकदा मेलं की हार्डकोअरमध्ये पुन्हा खेळता येत नाही, ते काढूच नका.

यूपीएस घेताना आकडा नीट बघा. बाजारात सहज मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक आणि मॉनिटर मिळून गेम चालू असताना त्याच्या वर जाऊ शकतात, आणि मग वीज गेल्याबरोबर यूपीएसही बंद पडतो. ११०० व्हीएच्या आसपासचा घ्या. घरी इन्व्हर्टर असेल तर त्यावरचा यूपीएस मोडचा स्विच बघा. साध्या मोडमध्ये बदल व्हायला लागणाऱ्या वेळात संगणक रीस्टार्ट होतो. राउटर आणि फायबरचं डबडंही त्याच बॅकअपवर जोडा, ते बहुतेक जण विसरतात.

लॅपटॉप बॅटरीवर गेला की त्याची ताकद कमी होते आणि चित्र अडखळतं. टर्नच्या गेमला फरक पडत नाही. ॲक्शनमध्ये त्याच क्षणी मराल, तेव्हा वीज गेली की सुरक्षित जागी जाऊन थांबा.

नेटचं गणित: १०० जीबी उतरवायला ५० एमबीपीएसच्या लाइनवर साडेचार तास लागतात. रोजच्या दीड-दोन जीबीच्या मोबाइल डेटावर हे जमणार नाही. ऑनलाइन ॲक्शन गेममध्ये मुंबईचा सर्व्हर असेल तर तो, नसेल तर सिंगापूरचा निवडा. 'पाथ ऑफ एक्झाइल'मध्ये नेटवर्कचे 'लॉकस्टेप' आणि 'प्रेडिक्टिव्ह' असे दोन मोड आहेत. लाइन स्थिर आणि पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) कमी असेल तर पहिला. पिंग उड्या मारत असेल तर दुसरा, नाहीतर प्रत्येक हालचाल अडकेल.

कंट्रोलर खेळून झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. किनाऱ्याजवळच्या घरांत दमटपणा आणि खारी हवा दोन्ही असतात, आणि बटणांचे संपर्क त्यानंच खराब होतात.

६. सुरू करण्याआधी सेटिंग लावा

ॲक्शन आरपीजीसाठी सर्वात महत्त्वाचं म्हणजे बटण दाबल्यापासून पडद्यावर दिसेपर्यंतचा वेळ. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, दाखवणाऱ्या गेममध्ये एक फ्रेम म्हणजे सुमारे १७ मिलिसेकंद. टीव्हीचा 'गेम मोड' बंद असेल तर चित्र सजवण्यात १०० मिलिसेकंदही जाऊ शकतात, म्हणजे सहा फ्रेम. तेवढ्यात वार चुकवण्याची वेळ निघून जाते आणि आपलेच हात मंद आहेत असं वाटतं. म्हणून गेम मोड चालू करा, कंट्रोलर शक्यतो केबलनं जोडा, मोशन ब्लर (हालचालीत चित्र धूसर करणारा परिणाम) बंद ठेवा, आणि सुंदर पण ४० वर अडखळणाऱ्या चित्रापेक्षा साधं पण ६० वर स्थिर चित्र निवडा.

'एल्डन रिंग'बद्दल एक खास गोष्ट: रोल आणि धावणं एकाच बटणावर आहेत, त्यामुळे रोल बटण दाबल्यावर होत नाही, सोडल्यावर होतो. घाबरून बटण दाबून धरलंत तर उशीर झालाच. टिचकी मारल्यासारखं दाबून सोडा.

पारंपरिक गेममध्ये सबटायटलचा आकार वाढवा आणि लढाईच्या ॲनिमेशनचा वेग वाढवायची सोय असेल तर वाढवा. 'बाल्डर्स गेट ३'मध्ये 'कार्मिक डाइस' आधीपासून चालू असतो. तो सलग वाईट फासे पडू देत नाही. पहिल्या खेपेला तसाच राहू द्या. पुढे टक्केवारीचं गणित नेमकं करायचं असेल तेव्हा बंद करा.

७. पात्र घडवताना कशावर गुण घालायचे

सगळ्या गुणांवर थोडं थोडं घालणं ही दोन्हीकडची सर्वात महाग चूक आहे. कारणं मात्र वेगळी.

पारंपरिक गेममध्ये तुमच्याकडे पार्टी, म्हणजे सोबत्यांचा गट, असते. चौघांपैकी एक ढाल होतो, एक बरं करतो, एक कुलपं उघडतो, एक जादू टाकतो. प्रत्येकानं एकच काम उत्तम करावं. योद्ध्याला बुद्धी वाढवून काही मिळत नाही, कारण ते काम शेजारी उभा असलेला करणार आहे. 'बाल्डर्स गेट ३'मध्ये चूक झालीच तर छावणीतला विदर्स १०० सोन्याच्या नाण्यांत पात्र नव्यानं घडवून देतो, त्यामुळे घाबरू नका.

'एल्डन रिंग'च्या घराण्यात तुम्ही एकटे असता, आणि नवखा सगळे गुण हल्ल्यावर घालतो. तसं करू नका. आधी व्हिगर, म्हणजे जीव, ४० पर्यंत न्या. ६० च्या पुढे घालण्यात अर्थ उरत नाही. हल्ला वाढतो तो मुख्यतः शस्त्र लोहाराकडून वाढवल्यानं. साधं शस्त्र +२५ पर्यंत जातं. त्या शस्त्राला जेवढं बळ लागतं तेवढंच आधी पुरं करा. दोन्ही हातांनी धरलंत तर तुमचं बळ दीडपट धरलं जातं, म्हणजे २४ मागणारं शस्त्र १६ वर चालतं. अंगावरचं वजन ७० टक्क्यांच्या खाली ठेवा. त्याच्या वर गेलात की रोल जड होतो, आणि चांगलं चिलखत घालूनही जास्त मार खाल.

लुटीच्या घराण्यात पात्र म्हणजे गणित, आणि इथे सावकाश वाचलंच पाहिजे. 'पाथ ऑफ एक्झाइल'मध्ये 'इन्क्रीज्ड' आणि 'मोअर' हे दोन शब्द सारखे वाटतात, पण वेगळे चालतात. मूळ हानी १०० आहे. ५० टक्के 'इन्क्रीज्ड' दोनदा मिळाले तर ते आधी एकत्र मिळवले जातात: २००. ५० टक्के 'मोअर' दोनदा मिळाले तर एकावर एक गुणले जातात: १५०, मग २२५. अशा पाच-सहा वस्तू झाल्या की फरक कितीतरी पट होतो.

प्रतिकाराचंही तसंच. आग, थंडी, वीज यांचा प्रतिकार ७५ टक्क्यांवर थांबतो. ७० वर असाल तर चालेल असं वाटतं. पण ७५ वर १०० पैकी २५ लागतात आणि ७० वर ३०, म्हणजे मार पाचव्या हिश्श्यानं जास्त. त्यात 'पाथ ऑफ एक्झाइल'मध्ये कथेच्या पाचव्या अंकानंतर (ॲक्टनंतर) सगळ्या प्रतिकारांतून ३० वजा होतात आणि दहाव्यानंतर आणखी ३०. कालपर्यंत सहज जाणारं पात्र सहाव्या अंकात अचानक का मरू लागलं, याचं उत्तर बहुतेक वेळा इथे सापडतं.

८. पहिल्या दहा तासांतल्या सवयी

टर्नच्या लढाईत एकावेळी एकच शत्रू संपवा. अर्धमेला शत्रूही पूर्ण ताकदीनंच मारतो, त्यामुळे चार शत्रूंना अर्धं-अर्धं जखमी करून त्यांचा एकही हल्ला कमी होत नाही. जादू साठवून ठेवू नका. 'बाल्डर्स गेट ३'मध्ये मधल्या काठिण्यपातळीवर ४० शिधा खर्चून पूर्ण विश्रांती घेता येते; शिधा भरपूर सापडतो, आणि सोबत्यांच्या बऱ्याच गोष्टी छावणीतच उलगडतात. विश्रांती टाळणारा माणूस लढाईही हरतो आणि कथाही चुकवतो.

ॲक्शनमध्ये पहिले काही तास शत्रूला मारायचं सोडून त्याचं निरीक्षण करा. स्टॅमिना कधीही शून्यावर नेऊ नका, एका रोलपुरती राखून ठेवा. तिसरा घाव घालायचा मोह होतो तेव्हाच शत्रूचा वार येतो आणि तुमच्याकडे हलायला दम नसतो. मागे रोल करण्यापेक्षा वाराच्या दिशेनं, शत्रूच्या कुशीत रोल करा. मागे गेलात की लांब शस्त्राचं टोक गाठतंच. 'एल्डन रिंग'मध्ये शत्रू मारून रून मिळतात, त्यांवरच लेव्हल वाढते आणि खरेदी होते; मेल्यावर ते तिथेच पडतात. ते उचलायच्या आधी पुन्हा मेलात तर गेले. म्हणून बॉसच्या दारात उभं राहण्याआधी हातातले रून खर्च करा.

अडलात तर काय? पारंपरिक गेममध्ये आणखी दोन लेव्हल वाढवून परत आलात की बरेचदा काम होतं. 'एल्डन रिंग'मध्ये दुसऱ्या दिशेला जा, शस्त्र वाढवण्याचे दगड शोधा, मग परत या.

९. पैसे कुठे अडकतात

स्टीमवर गेम घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. यात एक सापळा आहे. पात्र घडवण्याच्या पडद्यावर गेलेला वेळही या दोन तासांत मोजला जातो. 'बाल्डर्स गेट ३'मध्ये नाक-डोळे ठरवण्यात तास सहज जातो आणि लढाई कशी आहे हे कळायच्या आत मुदत संपते. पहिल्या खेपेला तयार पात्र घ्या, थेट लढाईपर्यंत जा, आवडलं तर मग नव्यानं सुरू करून मनासारखं पात्र बनवा.

फोनवरचे मोफत ॲक्शन आरपीजी दुसऱ्या वाटेनं पैसे घेतात. 'गेन्शिन इम्पॅक्ट'मध्ये नवी पात्रं सोडतीसारखी मिळतात: पंचतारांकित (सर्वात दुर्मिळ) पात्राची मूळ शक्यता दर खेपेला ०.६ टक्के आहे, आणि ९० व्या खेपेला ते हमखास मिळतं. मात्र ते तुम्हाला हवं तेच असेल असं नाही. गेम एक पैसा न भरता छान खेळता येतो. घरातली मुलं खेळत असतील तर प्ले स्टोअरवर प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावा आणि यूपीआयचा पिन त्यांना देऊ नका.

१०. मग पहिला कोणता?

चाचणीत फोनवरचा गेम जास्त आवडला, आणि इंग्रजी वाचायचा कंटाळा नाही: 'बाल्डर्स गेट ३'. वाचन कमी हवं, यंत्रही साधं आहे: 'ड्रॅगन क्वेस्ट ११' किंवा 'ऑक्टोपाथ ट्रॅव्हलर'.

'फ्लेअर' आवडला: आधी मोफत 'पाथ ऑफ एक्झाइल'. वीज-नेटचा भरवसा नसेल तर 'ग्रिम डॉन'. तो ऑफलाइन चालतो आणि त्याचं गणितही जरा सोपं आहे.

'फ्लेअर'मध्ये हाताला आणखी काम हवं असं वाटलं: कथा हवी असेल तर 'विचर ३', लढाईच हवी असेल तर 'एल्डन रिंग'.

दोन्ही सारखेच आवडले असतील तर २०२० चा 'फायनल फँटसी ७ रीमेक' घ्या आणि तो 'क्लासिक' मोडवर सुरू करा. त्यात पात्र स्वतःच फिरतं, मारतं, वार अडवतं, आणि पट्टी भरली की हुकूम तेवढा तुम्ही द्यायचा. चार-पाच लढायांनंतर त्याच गेममध्ये मोड बदलून सगळं स्वतःच्या हातात घ्या.